विमान उशिरा का सुटते? स्वस्त तिकिटामागचा हिशेब

रमजानच्या दोन महिने आधीची गोष्ट. कल्याणच्या आमच्या बाजारातील एक तरुण दुकानदार होजिअरीचा माल पाहण्यासाठी तिरुपूरला निघाला. दुपारी एकचे विमान पकडून कोईमतूर, तेथून मोटारीने तिरुपूर आणि संध्याकाळी सहा वाजता कारखानदाराशी सौदा, असा बेत होता. त्याने सर्वांत स्वस्त तिकीट घेतले. दुसऱ्या कंपनीच्या तुलनेत पंधराशे रुपये वाचले. परंतु विमान तब्बल पाच तास उशिरा सुटले. रात्री तो तिरुपूरला पोहोचला तेव्हा तो लॉट दुसऱ्या व्यापाऱ्याने उचलला होता. त्याच दर्जाचा माल त्याला नगामागे आठ रुपये जादा देऊन घ्यावा लागला. तीन हजार नगांचे चोवीस हजार रुपये झाले. वाचले पंधराशे आणि गेले चोवीस हजार.

परत आल्यावर तो दुकानावर येऊन बसला आणि म्हणाला, "चाचा, सस्ता रोए बार बार, हेच खरे. यापुढे महागड्या कंपनीनेच जायचे."

मी म्हटले, "बेटा, नुकसान खरे आहे, पण तू बोट चुकीच्या जागी ठेवतो आहेस. स्वस्त म्हणून विमान उशिरा सुटत नाही. ज्याने शिल्लक काही ठेवलेले नसते त्याचे विमान उशिरा सुटते."

आज आपल्या भागातील पुष्कळ व्यापारी आणि कारागीर वाराणसी, कोलकाता, दिल्ली, कोईमतूर येथे विमानाने जातात. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन समजून घेणे गरजेचे आहे.

वेळेवर म्हणजे किती वाजता?

विमानाच्या धंद्यात "वेळेवर" या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. छापील वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असेल ते विमान वेळेवर धरले जाते. जगभर साधारण हाच दंडक आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला मोठ्या महानगरांच्या विमानतळांवरील आकडे जाहीर करते. कोणत्या कंपनीची शेकडा किती विमाने वेळेवर होती, किती रद्द झाली आणि का, हे त्यात असते. हा अहवाल कोणालाही पाहता येतो.

आता एप्रिल २०२५ चे आकडे पाहा. इंडिगोची शंभरातील सुमारे ८१ विमाने वेळेवर होती. अकासाची सुमारे ७७, एअर इंडिया समूहाची सुमारे ७२ आणि स्पाइसजेटची ६०. यात इंडिगो, अकासा आणि स्पाइसजेट या तिन्ही स्वस्त दराच्या कंपन्या आहेत. म्हणजे यादीत सर्वांत वर स्वस्त कंपनी आहे आणि सर्वांत खालीही स्वस्त कंपनीच आहे. जिच्यात जेवण आणि रुंद खुर्च्यांची सोय आहे ती मधे आहे. यावरून स्पष्ट होते की तिकिटाची किंमत पाहून वेळेचा अंदाज बांधता येत नाही.

मात्र हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट, रद्द झालेल्या विमानांचा आकडा वेगळा दिला जातो. तो सोबत पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. दुसरी गोष्ट, अनेक कंपन्या छापील वेळच फुगवून ठेवतात. मुंबईहून दिल्लीला प्रत्यक्ष हवेत लागणारा वेळ पावणेदोन तासांच्या आसपास असतो, पण वेळापत्रकात सव्वादोन तास दाखविलेले असतात. त्यामुळे विमान वीस मिनिटे उशिरा सुटूनही "वेळेवर" पोहोचते. यात लबाडी आहे असे नाही. आपणही ग्राहकाला माल शनिवारी तयार होणार असेल तर सोमवारचा वायदा करतोच.

स्वस्त तिकिटाचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वस्त दराची कंपनी पैसे वाचविते कोठे?

आपल्या देशात पूर्वी देशांतर्गत हवाई प्रवास म्हणजे सरकारी इंडियन एअरलाइन्स. खाजगी कंपन्यांना वाट मोकळी झाली तेव्हा १९९२ मध्ये केरळच्या तकीउद्दीन वाहिद यांच्या ईस्ट वेस्ट कंपनीने मुंबई ते कोची विमान सुरू केले. परंतु तिकीट सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास २००३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो आणि २०२२ मध्ये अकासा आली.

या साऱ्यांच्या धंद्याचे तत्त्व एकच. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा त्याचे भाडे आणि हप्ते चालू असतात, पण कमाई शून्य असते. म्हणून ते जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवायचे. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीची गोष्ट यासाठी प्रसिद्ध आहे. १९७२ मध्ये पैशाच्या अडचणीमुळे तिला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले. वेळापत्रक मात्र चार विमानांचेच होते. तेव्हा उतरलेले विमान दहा मिनिटांत रिकामे करून, पुन्हा भरून उडवायचे, असे ठरले आणि चार विमानांचे काम तीन विमानांनी केले. जगातील स्वस्त विमानसेवेचा पाया असा घातला गेला.

आपल्याकडे स्वस्त कंपन्या हेच काम साधारण अर्ध्या तासात उरकतात. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते.

हा हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, एका कंपनीने दोन फेऱ्यांमध्ये तीस मिनिटे ठेवली आहेत आणि काम पंचवीस मिनिटांचे आहे. म्हणजे प्रत्येक थांब्यावर शिल्लक पाच मिनिटे. दुसऱ्या कंपनीने पन्नास मिनिटे ठेवली आहेत. तिच्याकडे शिल्लक पंचवीस मिनिटे. सकाळी दोघींच्याही विमानाला चाळीस मिनिटे उशीर झाला. दुसरी कंपनी दोन थांब्यांत हा उशीर भरून काढते. पहिल्या कंपनीचा उशीर पाच थांबे घेतल्यावरही पंधरा मिनिटे उरतोच. आणि मधे कोठे प्रवासी उशिरा आला, सामान उतरविण्यास वेळ लागला किंवा आकाशात गर्दी झाली तर तो वाढत जातो. सकाळचे चाळीस मिनिटांचे दुखणे संध्याकाळी तीन-चार तासांचे होते ते असे.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कसाऱ्याहून येणारी सकाळची एक गाडी रखडली की तीच गाडी मुंबईहून परत फिरते आणि तिच्या मागच्या साऱ्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. गाडी सुटण्याच्या ठिकाणी सर्व काही ठीक असते, पण गाडीच आलेली नसते. विमानाचेही तसेच आहे. आपल्याला विमानतळावर सांगतात की "येणारे विमान उशिरा आहे". ते बहुतेक वेळा खरेच असते.

शिल्लक कांड्यांचा प्रश्न

मग सर्व स्वस्त कंपन्यांचे तंत्र सारखे असताना एकीची विमाने वेळेवर आणि दुसरीची उशिरा का?

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्याचे उदाहरण घ्या. माग सारखेच, सूतही सारखेच. एका कारखान्यात कांड्या भरून ठेवलेल्या असतात, सुटे भाग हाताशी असतात आणि एक कारागीर न आल्यास दुसरा उभा करता येतो. दुसऱ्या कारखान्यात रोजचा माल रोज येतो. पहिला दिवसभर चालतो, दुसरा दुपारी बंद पडतो.

विमान कंपनीच्या "कांड्या" म्हणजे राखीव विमान, राखीव वैमानिक, सुटे इंजिन आणि हातात रोकड. मोठ्या कंपनीकडे एकाच जातीची पुष्कळ विमाने असतात, त्यामुळे एक बिघडले तर दुसरे लावता येते. स्पाइसजेट गेली काही वर्षे पैशाच्या अडचणीत आहे आणि तिची बरीच विमाने जमिनीवर उभी राहिली. जुलै २०२२ मध्ये महासंचालनालयाने तिला काही आठवडे निम्मीच उड्डाणे करण्यास सांगितले होते. ज्याच्याकडे चालू विमानेच मोजकी, त्याचे एक बिघडले तर साऱ्या दिवसाचे वेळापत्रक कोसळते.

सुट्या भागांचे महत्त्व किती असते पाहा. गोएअर, जिचे नाव पुढे गो फर्स्ट झाले, तिने मे २०२३ मध्ये उड्डाणे बंद केली. इंजिने वेळेवर मिळाली नाहीत म्हणून आपली विमाने उभी राहिली, असे तिचे म्हणणे होते. त्याच बनावटीच्या इंजिनांमुळे इंडिगोचीही २०२४ च्या आरंभी सत्तरच्या आसपास विमाने उभी होती. परंतु तिच्याकडे इतर विमाने भरपूर असल्यामुळे ती तरली.

आणि महागडी कंपनी म्हणजे भरवसा असेही नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये. दोघींचीही सेवा उत्तम म्हणून ओळखली जात होती. तिकिटे काढून ठेवलेले प्रवासी मात्र अडकले.

मुंबईचे दुखणे वेगळे

काही उशीर असा असतो की त्यात कोणत्याच कंपनीचा दोष नसतो. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. २०२४-२५ या वर्षात सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा या एका धावपट्टीच्या जोरावर झाली. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमाने चढत-उतरत होती. विमाने चाळीस मिनिटे ते तासभर आकाशात घिरट्या घालू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने हा आकडा ४४ वर आणला. चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचे सुमारे पावणेदोन लाख रुपयांचे इंधन जळते, असा सरकारचाच हिशेब होता.

अशा ठिकाणी ज्या विमानाची पाळी चुकली त्याला पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. शिवाय दरवर्षी पावसाळ्यानंतर एक दिवस सकाळी ११ ते सायंकाळी ५ पर्यंत धावपट्ट्या दुरुस्तीसाठी बंद असतात. २०२५ मध्ये हा दिवस २० नोव्हेंबर होता. तारीख आगाऊ जाहीर होते, ती पाहूनच तिकीट काढावे. पावसाळ्यात मुंबई आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिल्ली, ही दोन दुखणी तर ठरलेलीच.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आहेत. त्यामुळे हा ताण हळूहळू हलका होईल अशी अपेक्षा आहे.

डिसेंबर २०२५ चा धडा

शिल्लक न ठेवण्याची किंमत काय असते हे सर्वांत वेळेवर चालणाऱ्या कंपनीनेच दाखवून दिले. वैमानिकांचा थकवा हा प्रवाशांच्या जिवाशी संबंधित प्रश्न आहे. म्हणून त्यांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम येणार हे सर्व कंपन्यांना फार आधीपासून माहीत होते. तरीही इंडिगोने पुरेसे वैमानिक तयार ठेवले नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिचे वेळापत्रक कोसळले. ४ डिसेंबरला महानगरांतील तिची शंभरातील जेमतेम साडेआठ विमाने वेळेवर होती. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक विमाने रद्द झाली. देशातील दर शंभर प्रवाशांपैकी साठाहून अधिक प्रवासी याच कंपनीने जातात. त्यामुळे पर्यायही उरला नाही. इतर कंपन्यांचे भाडे इतके भडकले की सरकारला ६ डिसेंबरला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. शेवटी वैमानिकांच्या नियमांतून तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली.

जी कंपनी एप्रिलमध्ये ८१ टक्के होती तीच डिसेंबरमध्ये एका दिवशी ८ टक्क्यांवर आली. विमाने तीच, तिकिटे तीच. फक्त राखीव माणूस नव्हता. म्हणून मागच्या वर्षाच्या लौकिकावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. चालू महिन्याचा अहवाल पाहावा.

ठाणे-कल्याणच्या व्यापाऱ्याने काय करावे?

१. सौद्याचा दिवस असेल तर शक्यतो सकाळचे पहिले विमान घ्यावे. ते बहुधा रात्रीपासून तेथेच उभे असते, दुसऱ्या फेरीचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. अपवाद फक्त थंडीतील दिल्लीचा. तेथे धुके निवळल्यावर, दुपारी पोहोचणारे विमान बरे.

२. त्या मार्गावर कंपनीची दिवसात किती विमाने आहेत हे पाहावे. चार असतील तर एक रद्द झाल्यास दुसऱ्यात जागा मिळण्याची आशा असते. एकच असेल तर गोष्ट दुसऱ्या दिवसावर जाते.

३. घरातून निघण्यापूर्वी आपले विमान कोठून येणार आहे आणि ते तेथून सुटले की नाही, हे मोबाईलवर पाहावे. विमानांचा माग दाखविणारी ॲप आता फुकट मिळतात. मात्र येणारे विमान उशिरा दिसले तरी विमानतळावर उशिरा जाऊ नये. कंपनी दुसरे विमानही लावू शकते.

४. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे जोडून प्रवास करू नये. मुंबईहून दिल्ली एका तिकिटावर आणि दिल्लीहून जिद्दा दुसऱ्या तिकिटावर असेल आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरी कंपनी जबाबदार नसते. आखाताकडे जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सलग एकच तिकीट काढावे.

५. तिकिटावर विमानतळाचे नाव नीट वाचावे. मुंबईचे संक्षिप्त नाव बीओएम आणि नवी मुंबईचे एनएमआय आहे. कल्याणहून मुंबईच्या विमानतळासाठी जलद लोकलने घाटकोपर, तेथून मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे मेट्रो बदलून पुढचेच स्थानक टी-२ हा रस्त्याच्या कोंडीतून वाचविणारा मार्ग आहे. नवी मुंबईसाठी शिळफाट्याची कोंडी हिशेबात धरावी. पहाटेच्या विमानासाठी मोटारीचा खर्च तिकिटात मिळवूनच "स्वस्त" ठरवावे.

६. सुरतेसारख्या ठिकाणी रेल्वेच बरी. विमानतळावर दोन तास आधी जाण्याचा वेळ धरला तर विमानात फायदा राहत नाही.

आपला हक्क

देशांतर्गत विमानाला उशीर झाल्यास रोख भरपाईचा नियम नाही. पण पुढील गोष्टी मागून घ्याव्यात. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर जेवण-नाश्ता कंपनीने द्यायचा असतो. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातील निवड प्रवाशाची असते. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतील विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाल्यास हॉटेलची सोय मिळते.

वेळेत न कळविता विमान रद्द केल्यास पैसे परत किंवा दुसरे विमान मिळतेच, शिवाय प्रवासाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ती मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसते. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेल्या अडचणीत भरपाई मिळत नाही. म्हणून उशिराचे किंवा रद्द होण्याचे कारण लेखी मागावे, बोर्डिंग पास आणि बिले जपून ठेवावीत. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार करता येते.

तोंडी भांडणाने काही मिळत नाही. कागद हाती असेल तर गोष्ट वेगळी. उधारीच्या वहीचा अनुभव आपल्याला आहेच.

त्या तरुणाला मी शेवटी एवढेच सांगितले की पंधराशे वाचविणे चूक नव्हते. पाच वाजता पोहोचून सहा वाजता सौदा ठरविला, ही चूक होती. कंपनीने जशी शिल्लक ठेवली नव्हती तशी त्यानेही ठेवली नव्हती. आदल्या दिवशी त्याच स्वस्त विमानाने गेला असता आणि वाचलेल्या पंधराशेतून एक रात्र साध्या लॉजमध्ये काढली असती, तर पाच तासांचा उशीर होऊनही लॉट त्याचाच होता.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा तिरुपूरला जात आहे. तिकीट स्वस्तच काढले आहे, पण आदल्या दिवसाचे.